दम कुणाचा

"ताई, तुझी काठी उशिरा पडतेय."

मागून निलोफर हे म्हणाली तेव्हा आम्ही तिसऱ्या फेरीच्या चढावर होतो. दोन्ही बाजूंना बर्फाने वाकलेली देवदाराची झाडं, मधून चढत गेलेली पांढरी वाट आणि वाटेत यंत्राने पाडलेल्या दोन समांतर खाचा. त्या खाचांना आम्ही रूळ म्हणायचो. रुळांत मी पुढे, ती माझ्या मागे. माझ्या तोंडाशी माइक होता आणि कमरेला, पाठीच्या बाजूने, लहानसा स्पीकर. तिच्या डोळ्यांवर पूर्ण काळा केलेला गॉगल. तसा नियमच होता. कुणाला थोडाफार उजेड कळत असला, तरी रेषेवर उभं राहिल्यावर सगळे सारखेच आंधळे.

"पडतेय ना?" तिने पुन्हा विचारलं. "उजवी. पाय सुटून जातो, मग काठी येते."

"हो," मी म्हणाले. तेवढ्या एका अक्षराला मला श्वास पुरला नाही.

मी मूळची लोणंदची, नोकरीला सांगलीत. एका शाळेत पीटी शिकवायचे. कॉलेजात लांब पल्ल्याचं धावायचे. मग मनालीला गिर्यारोहणाचा कोर्स केला, तिथे स्की शिकले आणि वेडच लागलं. उतारावरून सुसाट येतात ते स्कीइंग नव्हे. आमचं लांब पल्ल्याचं. त्यात चढ माणसाने आपल्या पायांनी चढायचा, सपाटीला आपल्या दमाने जायचं. चालणं, धावणं आणि घसरणं, तिन्ही एकदम.

निलोफर मुजावर मिरजेची. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. लहानपणीच तिची नजर अधू होत गेली आणि दहावीपर्यंत संपली. पुढे ती फिजिओथेरपी शिकली आणि मिरजेच्या एका दवाखान्यात नोकरीला लागली. माझा गुडघा दुखत होता म्हणून मी तिच्याकडे गेले होते. तिने मांडीवरून, पोटरीवरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "मॅडम, हे धावण्याचं दुखणं नाही. तुम्ही पाय मागे ढकलून घसरता की काय?"

मी स्कीचं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "मला शिकवाल?"

"बर्फ कुठाय इथं?"

"बर्फ नंतर बघू की. आधी शिकवाल का ते सांगा."

अशी ती होती. म्हैसाळच्या बाजूला कालव्याच्या कडेने एक रिकामा रस्ता आहे. तिथे चाकांच्या स्कीवर आम्ही सुरुवात केली. मी तिची कंबर दोन्ही हातांनी धरून सांगायचे, "एका पायावर पूर्ण उभी राहा. दुसरा पाय नाहीच असं समज. आता ढकल. कंबर खाली नको, वर, वर." पहिल्याच आठवड्यात दोघी बाभळीच्या काट्यांत पडलो. काटे काढता काढता 'मॅडम'ची 'ताई' झाली आणि 'तुम्ही'चं 'तू'.

दोन हिवाळे आम्ही गुलमर्गला जाऊन आलो. तिसऱ्या हिवाळ्यात ही शर्यत होती. ठरलेल्या वेळेच्या आत जी पोचेल ती देशाकडून युरोपातल्या स्पर्धेला जाणार होती. अंध मुलींमध्ये त्या वेळेच्या जवळपास येणारी एकटी निलोफरच होती. त्यामुळे तिची शर्यत कुणा मुलीशी नव्हती, घड्याळाशी होती.

आणि माझ्याशीही होती, हे मला त्या चढावर कळलं.

आम्हाला शिर्के सर शिकवायचे. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आयुष्याची निम्मी वर्षं बर्फात काढलेले. बोलायचे कमी. "दमलेला माणूस पायाने थांबत नाही," ते सांगायचे, "तो आधी कमरेने बसतो. कंबर बसली की वजन दोन्ही पायांवर वाटलं जातं. मग ढकलायला एकही पाय उरत नाही. तो हलताना दिसतो, पण पुढे जात नसतो."

माझं तेच झालं होतं. उजवा पाय दाबून ढकलायला जावं तर स्की बर्फ धरेना, फुर्रकन मागे सरके. मग तोल सावरायला काठीवर भार. मग खांदे वर चढले. मान खाली गेली. एका ढकलण्यात जी लांब घसर मिळायची ती अर्ध्यावर आली, म्हणून मी पावलं भराभर टाकू लागले. भराभर टाकली म्हणून आणखी दमले. हे सगळं मला समजत होतं. शाळेत मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवलेलं होतं. समजत असूनही थांबवता येत नव्हतं.

तिला हे सगळं ऐकू जात होतं. स्पीकरमधून माझ्या सूचनांबरोबर माझा श्वासही जायचा. शिवाय काठ्यांचे आवाज होते, स्की घसरल्याचे आवाज होते. माझं दमणं मी तिच्या कानाशी बांधूनच पुढे चालले होते.

"निलू," मी म्हणाले, "माझे पाय गेलेत."

तिने आणखी दोन पावलं टाकली. मग म्हणाली, "पूर्ण?"

"पूर्ण."

"मी दमले नाहीये, ताई."

"माहितेय."

"मी बाजूने पुढे जाऊ?"

ती विचारत होती, पण उत्तर तिलाही ठाऊक होतं. त्या शर्यतीत गाईडने रेषा ओलांडल्याशिवाय अंध खेळाडूची वेळ धरत नसत. एकमेकींना हात लावला, ढकललं, ओढलं तर शर्यत बाद. वाटेत गाईड बदलायची मुभा होती, पण आमच्याकडे दुसरा गाईडच नव्हता. मीच म्हणाले होते, दुसरा कशाला हवा? मी तिच्यापेक्षा वेगवान आहे, हे आम्ही दोन वर्षं धरूनच चाललो होतो. तपासून कुणी पाहिलं नव्हतं. मी शाळा सांभाळून सकाळचा एक तास सराव करायचे. ती सकाळी करायची आणि दवाखाना सुटला की संध्याकाळीही. पुढे भाऊ सादिक मोपेडवर हॉर्न वाजवत आणि मागे ही.

"जाता येणार नाही," मी म्हणाले.

"बरं. मग बोलू नकोस. बोलण्यात श्वास घालवू नकोस. वळण आलं तेवढं सांग." आणि तिने मागून ठेका द्यायला सुरुवात केली. "हो... हो... लांब टाक, ताई. हो... छोटी टाकू नकोस. कंबर वर. हो..."

तो ठेका माझा होता. कालव्याच्या रस्त्यावर मी तिला द्यायचे तो. आता तो मागून येत होता आणि मी त्याच्यावर पाय टाकत होते.

चढाच्या माथ्यावर वाटेच्या कडेने दोरी बांधली होती, तिच्या पलीकडे माणसं उभी होती. स्वयंसेवक, शेकोटीसाठी आलेले, लांब लोकरी फेरन घातलेले म्हातारे, दुसऱ्या संघांचे प्रशिक्षक. आम्ही दिसताच त्यांनी ओरडायला सुरुवात केली.

"शाबाश बेटी! धीरे धीरे! कोई बात नहीं!"

"निलोफर, हिंमत मत हारना!"

"दीदी, थोडा रुक के चलो, वो थक गई है!"

ती शेवटची सूचना माझ्यासाठी होती. पुढची बाई हळू का चाललीय, याचं एकच कारण त्यांना सुचत होतं. मागून निलूचा ठेका एका पावलापुरता थांबला. मग पुन्हा सुरू झाला, थोडा वरच्या आवाजात.

शिर्के सर मात्र दोरीच्या आत येऊन माझ्या बाजूने गुडघाभर बर्फातून धावले. "मीनल! कंबर! बसू नको! बसू नको, मीनल!"

माथ्यानंतर उतार होता आणि उताराच्या पायथ्याशी डावीकडे वळण. तेवढं एक मी नीट केलं. मांड्या लटपटत होत्या, तरी एकेक सूचना वेळेवर दिली. "उतार... सरळ... गुडघे... आता डावं, डावं, डावं... रूळ." ती माझ्या मागे रेघ मारावी तशी आली.

चौथ्या, शेवटच्या फेरीचं मला फारसं आठवत नाही. चढ आठवतो, कारण तिथे मी दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा तिच्या स्कीची टोकं माझ्या टाचांना येऊन लागली. ती रागावली नाही. "हं, चल," एवढंच म्हणाली, घरातल्या म्हातारीला जिना चढवताना म्हणतात तसं. शेवटच्या सपाटीला दोन्ही काठ्या एकदम मारत जायचं असतं. माझ्या हातांत काठ्या मारण्याचं बळ नव्हतं. मी त्या नुसत्या टेकवत होते. मागे तिच्या काठ्या खच्च, खच्च पडत होत्या आणि प्रत्येक वेळी तिला मधे थांबून वाट पाहावी लागत होती. खच्च, आणि मग शांतता. ती शांतता माझ्यासाठी होती.

रेषा ओलांडली आणि मी तोंडावर पडले.

बर्फात गाल रुतलेला असताना मला तिचा आवाज आला. "सर, किती?"

शिर्के सरांनी वेळ सांगितली.

"हुकली?"

"हुकली, बाळ. थोडक्यात."

"थोडक्यात," ती म्हणाली. तिचा श्वास जवळजवळ सरळ होता.

मग माणसं धावून आली आणि सगळी तिच्याकडे गेली. कुणी तिच्या खांद्यावर घोंगडी टाकली. कुणी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. "मी उभी राहते," ती म्हणत होती, "मी ठीक आहे, मी उभी राहते की." पण तिला दोन्ही दंडांना धरून बसवलंच. कुणीतरी तिच्या हातात काहव्याचा, तिथल्या केशर-वेलचीच्या चहाचा, कप दिला आणि तो तिला धरता येणार नाही असं समजून स्वतःही धरून ठेवला. मला दोघा मुलांनी उठवून उभं केलं. माझे हात इतके थरथरत होते की मला काठ्यांचे पट्टे सोडता येईनात. एका महिला अधिकाऱ्याने मला मिठी मारली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"इतना पेशन्स!" ती म्हणाली. "मैं देख रही थी. आप उसके लिए कितना धीरे चल रही थीं!"

"नहीं मॅडम," मी म्हणाले. "मैं थक गई थी. वो नहीं थकी."

तिने माझ्या पाठीवर थोपटलं आणि आणखी घट्ट धरलं.

दुपारी मैदानात मंडप टाकून बक्षीस समारंभ झाला. प्रमुख पाहुणे मोठे अधिकारी होते. त्यांनी भाषणात आमचा उल्लेख केला. वेळ हुकली तरी आज आपण एक मोठी गोष्ट पाहिली, असं काहीतरी ते म्हणाले. दमलेल्या, दृष्टिहीन मुलीला एका शिक्षिकेने कसं धीराने पोचवलं. मला मंचावर बोलावलं. शाल दिली. माइक समोर आला, तेव्हा मी ठरवलं की आता स्पष्टच सांगायचं.

"साहेब चुकतायत," मी हिंदीत म्हणाले. "निलोफर थकली नव्हती. मी थकले होते. माझी कंबर बसली, माझी स्की धरत नव्हती. शेवटच्या दोन फेऱ्या तिने मला मागून ठेका दिला म्हणून मी पोचले. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर ती आज वेळेच्या आत आली असती. तिची निवड माझ्यामुळे हुकली."

मंडपात टाळ्या सुरू झाल्या. आधी पुढच्या रांगेत, मग सगळीकडे. लोक उभे राहिले. पाहुण्यांनी माझ्या हातातला माइक घेतला आणि भरल्या आवाजात म्हणाले, "देखिए! इसे कहते हैं बड़प्पन. हार का सारा बोझ अपने सर पे ले लिया."

मी निलूकडे पाहिलं. ती पहिल्या रांगेत घोंगडी पांघरून बसली होती. हात मांडीवर. ती टाळ्या वाजवत नव्हती. तिच्या शेजारची बाई तिच्या कानाशी वाकून सांगत होती, बहुतेक मंचावर काय चाललंय ते.

आमची खोली लहान होती, मधे लाकडं जाळायची पत्र्याची बुखारी. संध्याकाळी मी पलंगावर आडवी झाले आणि दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. ओरडायचं नाही म्हणून मी उशी तोंडात धरली. तरी तिला कळलं. ती उठून माझ्या पायाशी येऊन बसली. तिने पायमोजे काढले आणि अंगठ्याने पोटरीचा गोळा शोधून दाबायला लागली.

"नको, निलू."

"गप पड. उद्या चालता येणार नाही."

बराच वेळ ती दाबत राहिली. दुखत होतं, तिच्या हाताने दुखत होतं हे बरं वाटत होतं.

"हा बघ," ती म्हणाली, "दगड झालाय. आता माझ्या पोटरीला हात लाव."

"कशाला?"

"लाव."

मी लावला. तिची पोटरी मऊ होती, कोमट. सकाळी उठलेल्या माणसाची असते तशी.

"माझ्यात अजून एक फेरी होती," ती म्हणाली. "दोन असत्या कदाचित. ती मी आता कुठं ठेवू?"

मी म्हटलं, "मी सांगितलं निलू. सगळ्यांसमोर सांगितलं. उद्या पेपरवाल्यांना पण सांगते. तुझ्या अब्बांना फोन करून सांगते."

तिने माझा पाय खाली ठेवला.

"आता कुठं काही सांगू नकोस, ताई."

"का?"

"तू जसजसं खरं सांगतेस तसतशी तू मोठी होत जातेस. आणि मी लहान. आज दुपारी तू बोलायच्या आधी मी नुसती दमलेली पोरगी होते. तू बोललीस आणि मी अशी पोरगी झाले की जिच्यासाठी बाई एवढं मोठं खोटं बोलली. एकालाही वाटलं नाही गं. एवढ्या माणसांत एकालाही वाटलं नाही की हे खरं असेल."

"मग मी काय करू?"

"काही नको. गप्प राहा." मग दुसरा पाय ओढून घेत ती म्हणाली, "तुझा राग नाही मला. दमणं कुणाच्या हातात नसतं. पण तुझा आवाज मला सध्या ऐकवत नाही. पडून राहा."

मी पडून राहिले. बुखारीत लाकडं तडतडत होती. मी छताकडे बघत होते आणि ती माझे पाय बरे करत होती.

पेपरात आलं ते तसंच आलं. निलोफरचे डोळे झालेल्या शिक्षिकेची कहाणी. फोटोत मी शाल घेऊन उभी आणि ती खुर्चीत. शाळेत परतल्यावर सत्कार झाला, नारळ आणि दुसरी शाल. मुख्याध्यापकांनी निलूलाही मिरजेहून बोलावून घेतलं होतं. ती आली, हे तिचं मोठेपण. मी तिचं ऐकलं, खाली मान घालून गप्प बसले. मान खाली घातली तर सभागृहात कुजबुज झाली, किती साध्या आहेत बाई. मग निलूला विचारलं, मॅडमविषयी दोन शब्द सांगशील का?

ती उठली. "मॅडमनी मला स्की शिकवलं," ती म्हणाली. "कंबर धरून शिकवलं. त्यांनी शिकवलं नसतं तर मला आलं नसतं. एवढं खरं आहे." आणि बसली.

तिचे वडील मागच्या रांगेतून उठून माझ्याकडे आले. ग्रीसने काळवंडलेले हात त्यांनी जोडले. "बाई, तुम्ही होता म्हणून पोरगी तिथवर गेली," ते म्हणाले. मी त्यांचे हात धरले. मी पळून स्टाफरूममध्ये गेले, दार लावून घेतलं.

पावसाळ्यात शिर्के सरांचा फोन आला. "निलोफरला दुसरा गाईड बघतोय. तिथलाच, टंगमर्गचा पोरगा आहे, इम्तियाज. तगडा आहे. तुला राग येईल?"

"नाही सर. आधीच बघायला हवा होता."

"तो माझा दोष," सर म्हणाले. "मी बघायला हवा होता." आणि त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या हिवाळ्यात मी गुलमर्गला गेले ती मदतीला. निलूनेच बोलावलं. वर्षभरात आमचं बोलणं हळूहळू पुन्हा सुरू झालं होतं, आधी गुडघ्याबद्दल, मग बाकीचं. माझं काम गरम पाण्याच्या बाटल्या धरणं, शर्यत संपली की तिला जाकीट देणं. इम्तियाज उंच, रुंद खांद्यांचा, हसरा पोरगा होता. तो तिला 'निलोफरजी' म्हणायचा. पहिल्या फेरीला दोघं समोरून गेली तेव्हा रुळांतून एकच माणूस चार हातांनी गेल्यासारखं वाटलं.

शेवटच्या फेरीला मी शिर्के सरांच्या शेजारी दोरीपाशी उभी होते. घड्याळाचा फलक समोरच होता. सपाटीच्या टोकाला झाडांतून आधी इम्तियाज बाहेर आला, निळा पोशाख, रुंद खांदे, आणि त्याच्या मागे अगदी लगटून निलू. वेळ हातात होती. चांगली हातात होती. मी दोरी सोडून पुढे गेले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले,

"शाबाश इम्तियाज! काय आणलंस रे तिला! काय आणलंस!"

माझ्या आजूबाजूचे लोकही ओरडत होते. मी मागे वळून म्हणाले, "बघितलं ना सर? कसं आणलं त्याने तिला?"

शिर्के सर माझ्याकडे बघत होते. शर्यतीकडे नाही, माझ्याकडे. मग ते फक्त म्हणाले, "त्याची कंबर बघ."

मी पाहिलं. इम्तियाजची कंबर बसली होती. खांदे कानांपर्यंत चढले होते. त्याच्या काठ्या पायांच्या मागे, उशिरा पडत होत्या. आणि त्याच्या मागे निलूचं तोंड हलत होतं. एका लयीत. इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं, पण ऐकायची गरजही नव्हती. ती त्याला ठेका देत होती.

मला कुणी काही म्हटलं नाही. सर पुन्हा शर्यतीकडे वळले. मी तिथेच उभी राहिले, हात अजून तोंडाशी.

मंडपातल्या टाळ्या मला वर्षभर झोपू देत नव्हत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांना मी मनातल्या मनात काय काय बोलले होते! ती माणसं निदान अजाण होती. मी त्या रुळांत होते. माझ्या टाचांना तिच्या स्की लागल्या होत्या. तिची पोटरी मी हाताने पाहिली होती. आणि दोरीच्या या बाजूला उभी राहिले, पुढे डोळस माणूस, मागे आंधळी मुलगी असं दिसलं मात्र, माझ्या तोंडून तेच निघालं.

त्यांनी रेषा ओलांडली. वेळेच्या आत. टंगमर्गची पोरं दोरी तुडवून आत घुसली आणि त्यांनी इम्तियाजला खांद्यावर उचललं. तो वरून काहीतरी ओरडत होता, खाली बोट दाखवत होता. कुणी ऐकत नव्हतं. पोरं गाणं म्हणायला लागली.

निलू रेषेच्या पलीकडे एकटी उभी होती. मी जाकीट घेऊन गेले.

"ताई?"

"हो."

"झालं ना?"

"झालं, निलू. झालं."

तिने गॉगल काढला आणि आवाजाच्या दिशेने तोंड केलं. तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती हसत होती. "कुणाला उचललंय?"

"इम्तियाजला."

"जपून म्हणावं. पोटऱ्यांत गोळे असणार त्याच्या. तिसऱ्या चढापासून त्याचा श्वास बिघडला होता." ती जाकिटात हात घालता घालता थांबली. "तू ओरडलीस ना? तुझा आवाज आला मला. सपाटीला. काय ओरडलीस ते नाही कळलं, स्पीकरमध्ये याचं धापणं चाललेलं."

मी तिच्या स्कीचे खटके सोडायला खाली बसले होते. तिथून वर न बघता तिला सांगितलं. जसं ओरडले तसंच, शब्द न् शब्द. कुणाचं नाव घेतलं तेही.

तिचा एक पाय माझ्या हातात होता. तो तिने काढून घेतला नाही. पलीकडे पोरांचं गाणं वाढलं होतं, त्यात कुणीतरी टिनाचा डबा बडवत होतं.

"तू पण," ती अखेर म्हणाली. रागाने नाही. एखादी गोष्ट मोजून पाहावी आणि ती वाटली होती तेवढीच निघावी, तसं.

"हो," मी म्हणाले.

तिने दुसरा पाय पुढे केला. मी तोही खटका सोडला. मग ती बर्फात घट्ट उभी राहिली, पाठ सरळ, आणि म्हणाली, "फलकावर काय लिहिलंय?"

"तुझी वेळ."

"नाव?"

"तुझंच. निलोफर मुजावर."

"मोठ्यांदा वाच."

मी उठले आणि वाचलं. तिचं नाव, मग वेळ. पोरं गात होती, इम्तियाजला झेलत होती, लोक फोटो काढत होते.

"कुणी बघितलं?" तिने विचारलं.

कुणीही वळून बघितलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.